घरच्यांच्या व्हिडिओ मुलाखती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिक आणि आसपासच्या तालुक्यांतल्या ज्या घरांना आजी-आजोबांच्या, आई-वडिलांच्या आठवणी व्हिडिओत धरून ठेवायच्या आहेत, त्यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. प्रश्न बहुतेक कॅमेऱ्याबद्दल असतात. खरं तर कॅमेरा हा यातला सगळ्यात सोपा भाग. घरोघरी काम अडतं ते मुलाखत झाल्यानंतर, म्हणून नोंदी आणि साठवणुकीची उत्तरं मुद्दाम लांब लिहिली आहेत.

सुरुवात कोणापासून करावी?

वयाने सगळ्यात मोठ्या माणसापासून, असं सगळेच सांगतात. माझं मत थोडं वेगळं आहे. पहिली मुलाखत घरातल्या सगळ्यात गप्पिष्ट माणसाची घ्या, मग ती आत्या असो की धाकटे काका. त्यात तुमचा हात बसतो. मोबाइल कुठे ठेवायचा, माइक कुठे घासतो, आपण मध्ये किती बोलतो, हे सगळं कळतं. पण घरात कोणी नव्वदीला टेकलेलं असेल तर हा सराव दोन दिवसांत उरका आणि त्यांच्याकडे जा.

दिवाळीला सगळे एकत्र येतात, तेव्हा करू का?

नको. फराळ, पाहुणे, फटाके. सलग पाऊण तास शांतता कोण देणार? दिवाळीत फार तर जुने अल्बम काढून बसा आणि कोणत्या फोटोत कोण आहे ते विचारून घ्या. मुलाखत नंतर.

मग वर्षातला कोणता काळ बरा?

डिसेंबर ते फेब्रुवारी, आणि कारण अगदी साधं आहे: नाशिकच्या थंडीत पंखा लागत नाही. एप्रिल-मेमध्ये पंखा बंद केला तर म्हातारं माणूस घामाघूम होतं आणि मोबाइलही तापून मध्येच बंद पडतो. मात्र दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागायतदारांना जानेवारी ते मार्च मान वर करायला वेळ नसतो, आणि ऑक्टोबरची छाटणीही विसरू नका. त्यांना पावसाळ्यात गाठा, पण पत्र्याच्या छताखाली नको. सर आली की व्हिडिओत फक्त पत्रा ऐकू येतो.

मोबाइल पुरतो का, की कॅमेरा घ्यावा?

पुरतो. गेल्या काही वर्षांतला कुठलाही बरा मोबाइल चालेल. सेटिंगमध्ये १०८० पी ठेवा, सेकंदाला २५ किंवा ३० फ्रेम. मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जागा लागते, म्हणजे पाऊण तासाला तीन ते सहा जीबी. फोर-के ठेवलंत तर याच्या अडीच-तीनपट जागा जाते आणि आजीच्या चेहऱ्यापेक्षा मागच्या कॅलेंडरवरची अक्षरं जास्त स्पष्ट दिसतात. आधी जागा मोकळी करा, चार्जिंग पूर्ण ठेवा, कव्हर काढा. आणि एअरप्लेन मोड लावा. ऐन गोष्टीत कर्जवाल्यांचा फोन येतो आणि बऱ्याच मोबाइलवर रेकॉर्डिंग तिथेच थांबतं.

पैसे खर्च करायचेच असतील तर कॅमेऱ्यावर करू नका, माइकवर करा. कॉलरला लावायचा साधा वायरवाला माइकही मोबाइलच्या आतल्या माइकपेक्षा कितीतरी बरा. चित्र धूसर असलं तरी माणूस बघतो. आवाज कळत नसेल तर दोन मिनिटांत बंद करतो.

माइक नेमका कुठे लावायचा?

हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर. शर्टाला बटणांच्या पट्टीवर लावला की झालं. साडीत जरा विचार लागतो. पदराच्या निऱ्या खांद्यावर जिथे पिन केलेल्या असतात, तिथे खालच्या बाजूला लावा. मधोमध लावलात तर मंगळसूत्र माइकवर घासतं आणि दर वाक्याला खरखर येते. थंडीत शाल हाही तसाच त्रास. हातात काचेच्या बांगड्या भरपूर असतील तर हातवारे करताना त्या वाजतात. ते मला तरी चालतं, तो आवाज त्या माणसाचाच आहे. कवळी लावत असतील तर लावूनच बसवा, नाहीतर अर्धे शब्द पुढच्या पिढीला कळणार नाहीत.

सुरू करण्याआधी दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि इअरफोन लावून ऐका. नुसतं स्क्रीनकडे पाहून माइक चालू आहे की नाही ते कळत नाही.

घरात शांतता मिळतच नाही. काय करावं?

पूर्ण शांतता मिळणार नाही, पण नेहमीचे चोर पकडता येतात. पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर, टीव्ही, कुकर. फ्रिज बंद केलात तर गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवा, म्हणजे जाताना तो परत चालू करायची आठवण राहील. सकाळी घंटागाडी गाणं वाजवत येते, तिची वेळ टाळा. जुन्या नाशकात, रविवार कारंजा-भद्रकालीच्या बाजूला, दुपारी दोन ते चार हीच काय ती उसंत. पंचवटीत देवळांच्या आरत्यांच्या वेळा बघून बसा.

नव्या फ्लॅटचा हॉल आवाजासाठी सगळ्यात वाईट. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, त्यामुळे बोलणं घुमतं. त्यापेक्षा बेडरूम बरी: गादी, उशा, कपड्यांचं कपाट हे सगळं घुमणं शोषून घेतं. हॉलच हवा असेल तर खाली सतरंजी आणि कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या खुर्चीवर दोन गोधड्या टाका.

उजेडाचं काय?

खिडकी त्यांच्या समोर किंवा जरा बाजूला हवी, पाठीमागे कधीच नाही. बाल्कनीच्या दाराशी पाठ करून बसवलं की चेहरा काळा पडतो. वाड्यातल्या माजघरात दिवसाही अंधार असतो, तिथे हट्ट करू नका, ओसरीवर किंवा पडवीत बसा. ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकत असेल तर सेकंदाला २५ फ्रेमचा पर्याय निवडा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, तिच्याशी तो जुळतो.

मोबाइल त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि तुम्ही मोबाइलला खेटून बसा, म्हणजे त्यांची नजर भिंतीकडे जाणार नाही. आजी खालीच बसणार असतील तर त्यांना खुर्चीवर चढवू नका, ट्रायपॉड खाली घ्या, नाहीतर पाटावर डबा ठेवून त्याला मोबाइल टेकवा.

आडवा की उभा?

आडवा.

किती वेळ घ्यावा?

एका बैठकीला चाळीस ते पन्नास मिनिटं. नंतर आवाज बसतो, लक्ष उडतं, आणि तुम्हीही कंटाळलेले दिसता. दोन-तीन बैठका केल्या तर दुसरी हमखास चांगली होते, कारण रात्री पडल्या पडल्या त्यांना राहून गेलेलं आठवतं. रेकॉर्डिंग दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबवून पुन्हा सुरू करा. फाईल बिघडली तर सगळंच जात नाही.

विचारायचं काय? "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" म्हटलं की गप्प होतात.

होणारच. एवढ्या मोठ्या प्रश्नाला कोण उत्तर देईल? "तरुण पिढीला काय संदेश द्याल?" हाही विचारू नका. त्याचं उत्तर सगळे आजोबा सारखंच देतात.

लहान विचारा. शाळेत जाताना पायात काय असायचं? घरात पहिलं घड्याळ कोणाचं? पाणी कुठून आणायचे, आणि कोण आणायचं? लग्नाआधी नवऱ्याला पाहिलं होतं का? पहिल्या पगाराचं काय केलं? सासरी पहिला स्वयंपाक काय केला आणि तो कोणाला आवडला नाही? "जेवायला काय असायचं" यापेक्षा "रात्री सगळ्यात शेवटी कोण जेवायचं" या प्रश्नातून घर कळतं.

मग गावाच्या खुंटीला अडकवा. नाशिकच्या माणसाला १९६९ चा महापूर विचारला की वेगळं काही विचारावं लागत नाही. पाणी सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला लागलं, दुतोंड्या मारुती कधी बुडाला, नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी गेलं का, तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात, माळ्यावर काय काय चढवलं, कोणाच्या घरी राहायला गेलात? सिन्नर, येवला, नांदगावकडच्या घरात १९७२ चा दुष्काळ विचारा: खडी फोडायला कोण गेलं, खायला मिळणारी सुकडी कशी लागायची, जनावरांचं काय केलं. रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा हौद, तिच्यात पहिली उडी कोणी मारायची. सिंहस्थात घरी उतरलेले पाहुणे, आणि त्यांनी किती दिवस मुक्काम ठोकला.

नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेल्यांना नोटा कशा छापतात ते विचारू नका, ते सांगणारही नाहीत. १९२५ साली सुरू झालेल्या सिक्युरिटी प्रेसमध्ये आणि १९२८ च्या नोटप्रेसमध्ये काही घरांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. त्यांना पाळीच्या वेळा, गेटवरची झडती, कॅन्टीन, संप, पहिल्या दिवशी सोबत कोण आलं होतं ते विचारा. ओझरला मिगच्या कारखान्यात किंवा सातपूरला एमआयडीसीत नोकरी लागून जे खानदेशातून, विदर्भातून इथे आले, त्यांना विचारा की पहिली खोली कुठे घेतली आणि घरमालकाने आधी काय विचारलं. या दुसऱ्या प्रश्नाला कधी कधी फार लांब उत्तर येतं.

प्रश्न कागदावर लिहा, पण वाचून दाखवू नका. आणि उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाचपर्यंत मोजा. खरी गोष्ट पुष्कळदा त्या शांततेनंतर येते.

आजी म्हणते, "माझ्यात काय आहे सांगण्यासारखं?"

तिला प्रश्न विचारू नका, तिच्या हातात वस्तू द्या. माळ्यावरची पितळी भांडी काढा. तांब्या उलटा करा, काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं: कोणी दिलं, कोणाच्या लग्नात, तारीख काय. कधी माहेरचं आडनाव असतं, कधी मुंजीची भेट, कधी भलत्याच घराण्याचं नाव, आणि मग ते भांडं आपल्याकडे कसं आलं याची एक वेगळीच गोष्ट निघते. नाव दिसेल असं भांड्याचं जवळून चित्रण करा. खिडकीचा उजेड तिरपा पडू दिला तर ठिपके नीट वाचता येतात.

तसंच लुगडं, पोथी, रेशनकार्ड, शिवणयंत्र, सोन्याच्या पावत्या. कागदावर बोट ठेवून बोलणारं माणूस लाजत नाही.

आजी आजोबांचं नावच घेत नाही. व्हिडिओत नाव कसं येणार?

उखाणा घ्यायला सांगा. लाजत, हसत, पण घेते. तो मुलाखतीतला सगळ्यात चांगला तुकडा ठरू शकतो. त्याच ओघात तिचं लग्नाआधीचं नावही विचारा. पुष्कळ घरांत नातवंडांना आजीचं माहेरचं नाव माहीत नसतं, आणि एकदा तिच्या पिढीतली माणसं गेली की ते कुठल्याच कागदावर सापडत नाही.

तिला जात्यावरच्या ओव्या येतात. त्या कशा घ्याव्यात?

वेगळ्या बैठकीत. जातं घरात असेल तर ओढू द्या, मूठभर दाणे टाकून. नुसतं बसून म्हणायला सांगितलं तर चार ओव्यांवर अडतात. हात फिरायला लागला की पुढच्या आपोआप येतात. जात्याची घरघर येईल, येऊ द्या.

पुण्याहून हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि आता त्या पारी या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. तिथे ओवीबरोबर ती म्हणणारीचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो. तुम्हीही तेवढं लिहाच.

आम्ही घरी अहिराणी बोलतो. मुलाखत मराठीत घ्यायची का?

ज्या भाषेत त्या भांडतात त्या भाषेत घ्या. बागलाण-मालेगावकडची आजी प्रमाण मराठीत बोलायला लागली की पाहुण्यांशी बोलल्यासारखं बोलते. सुरगाणा-पेठकडच्या बोलींचंही तेच. नातवंडांना कळणार नाही ही काळजी खरी आहे, पण त्यावर उपाय खाली मराठी मजकूर देणं हा आहे, आजीला मराठी बोलायला लावणं हा नाही.

काका मध्येच म्हणतात, "तसं नव्हतं ते!"

काकांना चहा आणायला पाठवा. ते जमत नसेल तर त्यांची वेगळी मुलाखत ठरवा आणि तसं त्यांना आधीच सांगा. आपली पाळी येणार आहे हे कळलं की माणूस गप्प बसतो. नवरा-बायको असतील तर पहिल्या दोन बैठका वेगवेगळ्या, तिसरी एकत्र. एकत्र बसल्यावर जी खडाजंगी होते तीही ठेवा.

सन, तारखा चुकीच्या सांगतात. दुरुस्त करावं का?

कॅमेऱ्यासमोर नाही. एकदा चूक काढली की पुढे दर वाक्याला "मला नक्की आठवत नाही हं" सुरू होतं. सन विचारण्यापेक्षा आधी की नंतर ते विचारा: पुराच्या आधी की नंतर? थोरल्याच्या जन्माआधी? तेव्हा सिंहस्थ होता का? नाशिककरांना सिंहस्थाची खूण फार उपयोगी पडते. १९५६, १९६८, १९८०, १९९१-९२, २००३, २०१५ या वर्षांशी ताडून बघितलं की बहुतेक घटना दोन-तीन वर्षांच्या आत येऊन बसतात. खरी तारीख सापडली तर ती नोंदीत लिहा, व्हिडिओ आहे तसा राहू द्या.

पाहिलेलं आणि ऐकलेलं मात्र वेगळं करा. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. आज त्याबद्दल जे सांगतील ते त्यांनी वडिलांकडून, आजोबांकडून ऐकलेलं असणार. त्याची किंमत कमी होत नाही. एखाद्या घराने तो सत्याग्रह पुढच्या पिढीला कसा सांगितला, दाराच्या आतून की बाहेरून, हेच तर समजून घ्यायचं असतं. फक्त "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" एवढं विचारून घ्या.

रडायला लागल्या तर?

थांबा. लगेच पाणी आणायला धावू नका आणि कॅमेराही झटकन बंद करू नका, थोड्या वेळाने शांतपणे विचारा, "थांबवू का?" त्या सांगतील ते करा. बैठक मात्र तिथे संपवू नका. एखाद्या हलक्या विषयावर आणा, चहा घ्या, मग उठा. रडवून निघून गेलात तर दुसऱ्या बैठकीला त्या बसणार नाहीत आणि घरातलेही बसू देणार नाहीत.

भाऊबंदकी, जमिनीचे वाद, पळून केलेली लग्नं हे निघतंच. सांगू द्या. पण तो भाग वेगळ्या फाईलमध्ये काढा आणि कोणाला कधी दाखवायचा ते त्यांनाच विचारा. "माझ्या माघारी" असं म्हणाल्या तर तसंच लिहून ठेवा आणि पाळा.

विसरभोळेपणा वाढलाय. उशीर झाला का?

नाही, पण पद्धत बदला. सकाळी, न्याहारीनंतर, दहा-पंधरा मिनिटं. "आठवतंय का?" हा प्रश्न पूर्ण टाळा, तो परीक्षेसारखा लागतो. फोटो दाखवा, आरती किंवा जुनं गाणं सुरू करून द्या, भाजी निवडायला द्या. पाच वर्षांपूर्वीचं आठवत नसलं तरी पन्नास वर्षांपूर्वीचं पुष्कळदा लख्ख आठवतं. ऐकू कमी येत असेल तर चांगल्या कानाच्या बाजूला बसा आणि प्रश्न मोठ्या अक्षरात कागदावर लिहून दाखवा. ओरडून विचारलेल्या प्रश्नाला ओरडूनच उत्तर येतं.

परवानगी घ्यावी लागते का?

घरच्या घरी ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. व्यक्तिगत किंवा घरगुती कामासाठी एखाद्याने ठेवलेल्या माहितीला २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा लागू होत नाही. यूट्यूबवर टाकलंत की गोष्ट वेगळी. कायदा बाजूला ठेवला तरी पहिल्याच मिनिटाला कॅमेऱ्यावर विचारा: हे कोण कोण बघू शकतं? फक्त घरचे, नातेवाईक, की सगळे? उत्तर त्यांच्याच तोंडून रेकॉर्ड होतं, आणि पुढे वाद झाला तर तेच दाखवता येतं. लपून रेकॉर्डिंग करू नका, "सहज बोलतात म्हणून" सुद्धा नाही.

आजोबांनी व्हिडिओत सांगितलं, राहतं घर धाकट्याला. ते चालेल का?

मृत्युपत्र म्हणून नाही. हिंदू कुटुंबांना लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र लेखी हवं, त्यावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मोहिमेवर असलेले सैनिक असे काही अपवाद आहेत, आपले आजोबा बहुधा त्यात नाहीत. वकिलाकडे जा. आणि वाटणीचा विषय आठवणींच्या मुलाखतीत आणूच नका, नाहीतर हा सगळा घाट त्यासाठीच घातला होता असं बाकीच्यांना वाटेल.

रेकॉर्डिंग झालं. आता?

इथून खरं काम. बहुतेक घरांत व्हिडिओ मोबाइलमध्येच पडून राहतो, नाव असतं आकड्यांचं, आणि दोन वर्षांनी मोबाइल बदलताना कोणाला आठवतही नाही.

त्र्यंबकेश्वरला किंवा पंचवटीत आपल्या तीर्थोपाध्यायांकडे एकदा जाऊन या. गाव आणि आडनाव सांगितलं की गुरुजी बाड काढतात आणि थोड्या वेळात पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, ते दाखवतात. जुन्या नोंदी मोडीत, कधी खुद्द त्यांच्या हातच्या. शाई आणि कागद आपल्या मोबाइलपुढे काहीच नाहीत, तरी ते सापडतं, कारण ते पहिल्यापासून गाव आणि आडनावाने लावलेलं आहे. (मुलाखतीआधी ही नामावळी पाहून या. प्रश्न विचारायला नावं मिळतात.)

म्हणून त्याच रात्री फाईलला नाव द्या. आधी तारीख, वर्षापासून सुरू करून: २०२६-०१-१८, मग व्यक्तीचं नाव, मग भाग क्रमांक. वर्ष पुढे ठेवलं की फाईली आपोआप क्रमाने लागतात. नावात नुसतं "आजी" लिहू नका. तुमची आजी तुमच्या मुलाची पणजी आहे आणि वडिलांच्या आतेभावाची मामी. माई, अक्का, जिजी, नानी यांचंही तेच, पुढच्या पिढीला कोण ते कळणार नाही. पूर्ण नाव, माहेरचं आडनाव, गाव. देवनागरीत नाव दिलं तरी आताच्या मोबाइल-संगणकांना चालतं, काही जुन्या टीव्हींवर मात्र चौकोन दिसतात.

आणि नोंद कशी ठेवायची?

एक साधी वही किंवा एक्सेलची फाईल. वर चार ओळी: कोण, जन्म कुठला, कुठे बसून बोललो, कोणी विचारलं. खाली मिनिटांप्रमाणे विषय. अशी दिसते:

०:०० नाव, जन्मगाव, भावंडं
४:१० चांदवडहून वऱ्हाड, बैलगाड्या, वाटेत पाऊस
११:३० १९७२, खडीचं काम, सुकडी
१९:०५ गंगेचा, म्हणजे गोदावरीचा पूर (सासूकडून ऐकलेलं)
२६:४० थोरला गेला तो प्रसंग. बाहेर देऊ नये
३३:०० पुरणपोळीचं प्रमाण, वाटीने

पाऊण तासाच्या मुलाखतीला ही यादी करायला साधारण दीड तास जातो. कंटाळवाणं आहे, पण ही यादी नसेल तर पुढे कोणीही पाऊण तासाचा व्हिडिओ बसून बघणार नाही. पुरणपोळीसाठी मात्र थेट तेहतिसाव्या मिनिटाला जातील.

फोटोंनाही क्रमांक द्या आणि ज्या मिनिटाला त्यांचा उल्लेख येतो तिथे तो लिहा. प्रत्येक माणसाचं एक फोल्डर, त्यात व्हिडिओ, फोटो, यादी. वर्षांप्रमाणे फोल्डर करणारेही भेटतात. मला माणसाप्रमाणे बरं वाटतं, कारण शोधणारा माणूस शोधतो.

साठवायचं कुठे?

तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या घरात. म्हणजे एक संगणकात, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर किंवा पुण्याच्या बहिणीकडे. गुगलची फुकट जागा १५ जीबी, तीही ईमेल आणि फोटोंसकट, म्हणजे दोन-तीन मुलाखतींतच भरते. पेन ड्राइव्ह नेआण करण्यासाठी, सांभाळण्यासाठी नाही. जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्ह चार जीबीपेक्षा मोठी फाईल घेत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की घेतो. हार्ड डिस्क कपाटात ठेवून विसरू नका, वर्षातून दोनदा लावून एखादी फाईल चालवून बघा. दसरा आणि गुढीपाडवा ठरवून टाका.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की तो दाबला जातो. ग्रुपवर पाठवलेली प्रत ही मूळ प्रत समजू नका. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, दोन जीबीपर्यंत जातो.

बोललेलं आपोआप लिहून मिळतं का?

मराठी बऱ्यापैकी मिळतं. गुगलच्या कीबोर्डला मराठी बोलून लिहिता येतं, व्हिस्परसारखी मॉडेल्सही मराठी घेतात. गावांची नावं, आडनावं, जुने शब्द चुकतात, आणि अहिराणीचं तर काहीच्या बाही होतं. एकदा ऐकत ऐकत दुरुस्त करावंच लागतं. सगळं जमणार नसेल तर वरची मिनिटांची यादी पुरेशी आहे.

एडिटिंग, संगीत, शीर्षकं?

मूळ फाईलला हात लावू नका. प्रत काढून त्यावर काय हवं ते करा. पंचाहत्तरीला दाखवायला आठ-दहा मिनिटांचा तुकडा छान होतो. मागे बासरी नको, शब्द ऐकू येत नाहीत.

जुन्या कॅसेट आणि लग्नाच्या व्हीएचएस आहेत.

लवकर उतरवून घ्या. फीत खराब होते, आणि ती वाजवणारी यंत्रंही आता दुर्मिळ झाली आहेत. बुरशी दिसत असेल तर घरी लावून पाहू नका, जाणकाराकडे द्या. मुलाखतीच्या वेळी लग्नाची कॅसेट दाखवत तुमच्या आईला नुसतं बोलू द्या: हा कोण, ही कोण, हिचं पुढे काय झालं. त्याची वेगळी फाईल करा.

मी परदेशात आहे. व्हिडिओ कॉलवर चालेल?

बोलणं कॉलवर करा, रेकॉर्डिंग तिकडच्या भाच्याला दुसऱ्या मोबाइलवर करायला सांगा. कॉलचं चित्र नेटप्रमाणे तुटतं, समोर ठेवलेल्या मोबाइलचं नाही. तुमचा आवाज मात्र मुलाखत देणाऱ्याच्या कानात इअरफोनने जाऊ देऊ नका, स्पीकरवर ठेवा, नाहीतर व्हिडिओत फक्त उत्तरं राहतील.

माझी स्वतःची मुलाखत कोण घेणार?

तुमच्या मुलीला किंवा पुतण्याला विचारायला लावा. बारा-तेरा वर्षांचं पोर उत्तम मुलाखत घेतं, कारण त्याला लाज नसते. "तुम्ही नापास झाला होतात का?" हा प्रश्न दुसरं कोणी विचारणार नाही. आधी त्याला माइक कुठे लावायचा ते शिकवा, आणि फाईलला नाव देण्याचं कामही त्याच्याकडेच द्या.